फोल्डरवरचा बाण आणि रखडलेला संगणक

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. (नाशिककडचे मालेगाव वेगळे, हा खुलासा तिथल्या लोकांना आयुष्यभर करावा लागतो.) अशा गावातील एक घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, मुलगी घरी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. भावाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा आपला जुना संगणक गावी पाठवून दिला. आता त्यात मुलीच्या दोन वर्षांच्या नोंदी आहेत, स्कॅन केलेली प्रमाणपत्रे आहेत, शेताचे सातबारे आहेत आणि आजीच्या शेवटच्या दिवाळीची छायाचित्रेही आहेत. यांपैकी कशाचीही दुसरी प्रत नाही. अर्जाची मुदत परवा संपणार. मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात जाऊन आली, घरी येऊन तिने तो संगणकाला जोडला आणि लगेच पुण्याला फोन लावला.

‘‘दादा, फोल्डर सगळे दिसतायत, पण प्रत्येकावर एक बारीक बाण आलाय. आणि कालपासून काँप्युटर भलताच रखडतोय.’’ मागून वडिलांचा आवाज येतो, ‘‘त्याले बंद करून ठेवू काय?’’

घर काल्पनिक असले तरी हा फोन काल्पनिक नाही. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आणि ‘संगणकातले कळते’ असा लौकिक असलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येतोच. त्यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घ्या.’ हे उत्तर म्हणजे ताप आलेल्या माणसाला एकदम शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्यासारखे आहे. संगणक स्वच्छ होतो, पण आजीची छायाचित्रेही त्याबरोबर जातात. आणि पुष्कळदा असे आढळते, की मूळ तक्रारीचा व्हायरसशी काही संबंधच नव्हता. त्या मानाने वडिलांचा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे.

बंद करायचे की नाही? डोळ्यांदेखत फाइलींची नावे बदलत असतील, त्यांच्या शेवटी कधी न पाहिलेली अक्षरे चिकटत असतील, तर होय, क्षणाचाही विलंब न लावता संगणक बंद करावा. कारण खंडणीखोर प्रोग्रॅम त्या क्षणी एकेक फाइल कुलूपबंद करीत असतो. एरवी घाईने बंद करण्याची आवश्यकता नाही. पेन ड्राइव्ह काढावा, वाय-फाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट तोडावा आणि त्या संगणकावर बँकेचे किंवा ई-मेलचे कोणतेही पान उघडू नये. हानिकारक प्रोग्रॅमला चोरलेला माल बाहेर पाठविण्यासाठी आणि बाहेरून हुकूम घेण्यासाठी इंटरनेट लागते. ते तुटले की निदान करायला वेळ मिळतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मुलीने एका दमात दोन तक्रारी सांगितल्या. फोल्डरवर बाण येणे ही एक आणि संगणक रखडणे ही दुसरी. त्या एकाच दिवशी लक्षात आल्या म्हणून त्यांचे कारण एकच असेल असे नाही. फोनवरून निदान करणारा इथेच फसतो.

रखडण्याचे पाहू. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. सोयाबीनची मळणी चालू असेल तर हवेत धुरळा असतो आणि तो संगणकाच्या पंख्यावर जाड थराने बसतो. आतला प्रोसेसर तापला की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. हा बिघाड नव्हे, ती त्याच्या रचनेतली सोय आहे. पण वापरणाऱ्याला एवढेच दिसते की यंत्र रडतखडत चालले आहे. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. वारंवार वीज जाऊन संगणक अचानक बंद पडत असेल तर तिच्यावर ताण येतो, फाइली नासतात, एखादा भाग वाचण्यासाठी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि सगळेच खोळंबते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरणे, मेमरी अपुरी असणे, पाठीमागे विंडोजचे मोठे अपडेट उतरत असणे ही आणखी काही निरुपद्रवी कारणे.

यातले कोणते कारण खरे, हे पाहण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवरचा भार टक्क्यांत दिसतो. काहीही उघडलेले नसताना डिस्कचा आकडा पाच-दहा मिनिटे शंभरावर चिकटून राहिला आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर व्हायरस शोधण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत करून घ्यावी, कारण डिस्क अखेरच्या घटका मोजत असू शकते. उलट डिस्क शांत आणि प्रोसेसर मात्र सतत नव्वद टक्क्यांवर राबत असेल, तर तो कोणता प्रोग्रॅम वापरतो आहे हे पाहावे. परक्याच्या विजेवर आभासी चलन खणणारे चोरटे प्रोग्रॅम असेच वागतात.

यादीतली नावे पाहून घाबरणारे पुष्कळ असतात. ‘सर्व्हिस होस्ट’ हे नाव तिथे डझनावारी दिसते आणि ते विंडोजचेच आहे. खरा आणि तोतया यांतला फरक नावावरून नव्हे, पत्त्यावरून कळतो. नावावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. खरा ‘सर्व्हिस होस्ट’ विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरात राहतो. तेच नाव धारण करणारा प्रोग्रॅम ‘टेंप’ किंवा ‘ॲपडेटा’च्या एखाद्या उपफोल्डरात सापडला, तर दाल में कुछ काला है असे खुशाल समजावे.

आणखी एक भ्रम इथेच दूर केलेला बरा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी सारखी झळकत असेल, तर बहुधा ती अँटिव्हायरसची नसते. चित्रपट किंवा गाणी फुकट देणाऱ्या एखाद्या पानाने कधीतरी ‘अलाऊ’ दाबायला लावलेले असते आणि ब्राउझर त्या परवानगीने जाहिराती दाखवीत राहतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ या सदरातून ती परवानगी काढली, की पाच व्हायरस एका क्षणात नाहीसे होतात. पडदा भरून धोक्याची सूचना आणि खाली मदतीचा दूरध्वनी क्रमांक दिसला तर तो फोन मुळीच लावू नये. मायक्रोसॉफ्ट आपल्या सूचनांमध्ये फोन करण्यासाठी क्रमांक देत नाही. तो क्रमांक ठगांचा असतो, आणि समोरचा माणूस गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो.

आता बाणाकडे वळू. तो मात्र खरा रोग आहे.

पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या या जातीला लोक ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात. शास्त्रशुद्ध भाषेत तो व्हायरस नसून ‘वर्म’ असतो, पण नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. त्याची युक्ती अशी. तो पेन ड्राइव्हमधले खरे फोल्डर लपवितो. नुसते ‘हिडन’ करीत नाही, तर त्यांना विंडोजच्या संरक्षित फाइलींचा दर्जा देतो, म्हणजे ‘लपलेल्या फाइली दाखवा’ ही नेहमीची खूण करूनही ते दिसत नाहीत. मग प्रत्येक फोल्डरच्या नावाचा आणि तसाच दिसणारा एक शॉर्टकट तो तयार करतो. बाण हे त्या शॉर्टकटचे चिन्ह. माणूस सवयीने त्यावर क्लिक करतो. आधी वर्म चालतो आणि मागोमाग खरा फोल्डरही उघडतो. काम अडत नाही, म्हणून संशय येत नाही. काही वर्म सगळे फोल्डर उचलून एकाच निनावी फोल्डरात कोंबतात. नावाच्या जागी नुसती रिकामी जागा असते.

खात्री करून घ्यायची असेल तर बाणावर क्लिक न करता उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘टार्गेट’ची ओळ वाचावी. प्रामाणिक शॉर्टकटमध्ये तिथे एखाद्या फोल्डराचा साधा पत्ता असतो. रोगट शॉर्टकटमध्ये ‘सीएमडी’ किंवा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ या विंडोजच्याच हुकूम चालविणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव आणि त्यापुढे लांबलचक गिचमीड असते.

ही युक्ती का बोकाळली, त्यालाही इतिहास आहे. एके काळी पेन ड्राइव्ह जोडताच विंडोज त्यातला प्रोग्रॅम आपण होऊन सुरू करीत असे. २००८ मध्ये जगभर पसरलेल्या ‘कॉनफिकर’ने या औदार्याचा पुरेपूर फायदा घेतला. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही अपडेट देऊन पेन ड्राइव्हपुरती ती सोय बंद केली. दार बंद झाले तेव्हा चोराने घरच्या माणसाकडूनच कडी काढून घेण्याचा मार्ग धरला. बाण हे त्याचेच साधन आहे.

हा हातोहात पसरणारा रोग या उपखंडाला नवा नाही. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरला जन्मला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःची नावे, पत्ता आणि फोन क्रमांकही घातले. फ्लॉपीवर बसून तो देशोदेशी गेला. काही वर्षांनी पुण्यात दुसऱ्या दोन भावांनी नेमके उलटे काम आरंभले. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅलक्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत असत. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुष्कळदा व्हायरसने बाधित असत. संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय याने त्यांवर उतारा लिहायला घेतला आणि त्या दुकानातून पुढे ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली. घरच्या संगणकाला बाधा झाली की गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे धाव घेणे, ही महाराष्ट्राची रीत किती जुनी आहे हे यावरून ध्यानात यावे.

उपचाराचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. पेन ड्राइव्ह आधी साफ करून चालत नाही. संगणकात वर्म जागा असेल तर साफ केलेला पेन ड्राइव्ह जोडताक्षणी तो पुन्हा बाधित करील. म्हणून आधी संगणक, मागाहून पेन ड्राइव्ह.

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस अंगचाच असतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडल्यावर तो बंद आढळला आणि चालू करू गेल्यास आपोआप पुन्हा बंद पडत असेल, तर ते संसर्गाचे ठळक लक्षण समजावे. (दुसरा अँटिव्हायरस बसविलेला असेल तर डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, ते निराळे. दोन अँटिव्हायरस एकदम चालविणे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी.) त्याच ठिकाणी ‘एक्सक्लुजन्स’ नावाची यादी असते, तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. ज्या फोल्डरांची तपासणी करू नये अशी ती यादी. घरगुती संगणकात ती बहुधा रिकामी असते. तिच्यात संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसला, तर पहारेकऱ्यालाच कोणीतरी ‘इकडे पाहू नकोस’ असे सांगून ठेवलेले आहे. ती नोंद काढल्याखेरीज तपासणीला काही अर्थ नाही.

मग अपडेट घेण्यापुरते इंटरनेट जोडून, पुन्हा तोडून, ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. यात संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. चालू विंडोजमध्ये दडून बसणारा प्रोग्रॅम तेव्हा जागाच नसतो, त्यामुळे तो सापडण्याची शक्यता वाढते. साधारण पंधरा मिनिटे लागतात. जुन्या यंत्राला अधिक. नंतर ‘फुल स्कॅन’ रात्रभर चालू ठेवावा. दुसरे मत हवे असल्यास ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या केंद्र सरकारच्या उपक्रमाच्या संकेतस्थळाची मदत घेता येते. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेमार्फत तो फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाला आणि भारतीय कंपन्यांची मोफत सफाईची साधने त्याने उपलब्ध करून दिली. अशी साधने शक्यतो दुसऱ्या, निरोगी संगणकावर उतरवून घ्यावीत.

सापडलेली वस्तू लगेच नष्ट करण्याऐवजी ‘क्वारंटाइन’ करणे बरे, कारण अँटिव्हायरसही कधी साव सोडून संन्याशाला फाशी देतो. शंका असेल तर ती फाइल ‘व्हायरसटोटल’ या सेवेवर चढविता येते. तिथे डझनावारी अँटिव्हायरस ती एकदम तपासतात. मात्र तिथे चढविलेली फाइल जगभरच्या संशोधकांना पाहता येते, म्हणून आधारकार्ड किंवा सातबारा तिथे चढवू नये.

सफाईनंतर एक गंमत हमखास घडते आणि पुण्याला दुसरा फोन येतो. संगणक सुरू करताच ‘स्क्रिप्ट फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो आणि रोग परतला असे वाटते. वास्तविक ही चांगली बातमी आहे. वर्म गेला, पण संगणक सुरू होताना त्याला हाक मारण्याची सूचना मागे राहिली. हाकेला कोणी ओ देत नाही, एवढेच. मायक्रोसॉफ्टच्याच ‘ऑटोरन्स’ या मोफत साधनात आरंभी सुरू होणाऱ्या सर्व गोष्टींची यादी मिळते. ज्यांची मूळ फाइल उरलेली नाही त्या नोंदी त्यात पिवळ्या दिसतात. ती नेमकी नोंद शोधून तिच्यापुढची खूण काढावी. ओळख न पटणाऱ्या इतर नोंदींना हात लावू नये. छपाईयंत्र आणि आवाज बंद पाडण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

आता पेन ड्राइव्ह जोडावा. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखविण्याची खूण करावी आणि ‘संरक्षित फाइली लपवा’ ही खूण काढावी. बाणवाल्यांच्या शेजारी फिकट रंगात खरे फोल्डर दिसू लागतील. त्यांच्या आत जाऊन फक्त ओळखीची कागदपत्रे आणि छायाचित्रे संगणकातल्या एका नव्या फोल्डरात उतरवावीत. फोल्डर जशाचा तसा उचलला तर लपण्याचा गुणही त्याच्याबरोबर येतो, म्हणून आतल्या फाइली घ्याव्यात. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. फॉरमॅट या शब्दाची योग्य जागा ही आहे.

इतके करून काम संपत नाही, आणि या टप्प्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. अलीकडचे अनेक हानिकारक प्रोग्रॅम मोडतोड करीतच नाहीत. ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा उचलून ते निघून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या साह्याने ‘रेडलाइन’ आणि ‘मेटा’ या अशाच दोन चोरट्या प्रोग्रॅमांची यंत्रणा ताब्यात घेतली, तरी त्यांचे भाऊबंद शिल्लक आहेत. त्यामुळे संशय खरा ठरला असेल तर ई-मेल, बँक आणि परीक्षेच्या खात्याचे पासवर्ड बदलावेत, आणि तेही मोबाइलवरून किंवा दुसऱ्या निरोगी संगणकावरून. बाधित यंत्रावर नवा पासवर्ड टंकणे म्हणजे चोराच्या हातात नवी किल्ली देणे. ई-मेलच्या सेटिंगमधून ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हेही करावे. लॉगिनची खूण चोरीस गेली असेल तर केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. पैसे गेल्याचे आढळल्यास बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाला त्याच तासात कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठविता येते.

फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर प्रकरण गंभीर आहे. मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातील सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’ची बाधा झाली होती. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’मुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मोठमोठ्या संस्थांना जे निस्तरता आले नाही ते घरी निस्तरेल, अशी आशा फार धरू नये. पण घाईने सगळे पुसूनही टाकू नये. युरोपोल आणि इतरांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर काही जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज किल्ली नसली तरी कुलूपबंद फाइली बाजूला जपून ठेवाव्यात. काही जातींच्या किल्ल्या वर्षा-दोन वर्षांनी हाती आलेल्या आहेत. घरगुती वापरात हा रोग बहुधा फुकटच्या ‘क्रॅक’मधून येतो.

तो विषय निघालाच आहे तर किन्हीराजाच्या त्या संगणकावर कोणते विंडोज आहे, हेही भावाने विचारावे. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केल्यास विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. पण ही नोंदणी करायची असते हे गावाकडे कोण सांगणार? विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप जुन्या यंत्रांत बहुधा नसते. दुरुस्तीवाल्याने स्वस्तात ‘ॲक्टिव्हेट’ करून दिलेले विंडोज असेल तर डिफेंडर त्या साधनावरच बोट ठेवतो आणि दुरुस्तीवाला म्हणतो, ‘अँटिव्हायरस बंद ठेवा.’ तो सल्ला ऐकण्यापेक्षा त्या यंत्रावर बँकेचा व्यवहार न करणे आणि ते केवळ अभ्यासापुरते वापरणे अधिक चांगले.

मुलीचा अर्ज राहिला. छायाचित्र आणि स्वाक्षरीची फाइल मोबाइलवर घेऊन तिथूनच अर्ज भरता येतो, किंवा केंद्रातच जायचे असेल तर ती फाइल ई-मेलने न्यावी. परतताना तिथल्या संगणकावरून लॉगआउट करण्याचे विसरू नये. आणि केंद्र चालविणाऱ्या दादांना बाणाची गोष्ट जरूर सांगावी. तिच्या पेन ड्राइव्हला तिथे बाधा झाली असेल, तर त्या दिवशी रांगेत तिच्या पुढे-मागे उभ्या असलेल्यांचे पेन ड्राइव्हही आपापल्या घरी पोहोचलेले असणार.